जवळचा नंबर

चष्म्याच्या ज्या दुकानावर सहा वर्षं त्याच्या नावाची पाटी होती, त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत तो आता काचा घासायला बसत असे. दुकान विकून बँकेचं कर्ज फिटलं. माणसांचं मात्र उरलं. विकत घेणाऱ्या बाई व्यवहाराला कडक, पण मनाने कोत्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुमच्यासारख्या काचा दुसऱ्या कुणाला बसवता येत नाहीत, म्हणून ठेवतेय. गल्ल्याला हात लावायचा नाही." त्याने मान डोलावली. जुनी गिऱ्हाइकं चुकून अजून त्याला शेठ म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि काचेची कड चाकावर धरी. चाकाच्या आवाजात बरंच काही बुडून जाई.

एवढं सगळं मोबाइलवरच्या पत्त्यांनी केलं होतं. अड्डा नाही, दारू नाही, वाईट संगत म्हणावी तर तीही नाही. जेवणाच्या सुट्टीत, गिऱ्हाईक आरशात फ्रेम बघत असताना, न्हाणीघराची कडी लावून, चार वर्षं तो एकट्यानेच खेळला. आधी दुकानाची कमाई गेली, मग बायकोची ठेव. मग त्याने मेहुण्याकडून नवीन मशीन घ्यायचं म्हणून पैसे उचलले. मेहुणा भोळा. एक दिवस तो कौतुकाने मशीन बघायलाच आला, आणि सगळं बाहेर पडलं.

बायकोने आरडाओरडा केला नाही. ती एका प्रयोगशाळेत कामाला होती, घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायची. समोरच्याचा हात थरथरत असला की आपला आवाज खाली ठेवायचा, ही तिची सवय. त्याच आवाजात तिने विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय?"

"नाही," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत आणखी तीन देणी निघाली. कर्जाने घर मोडलं नसतं कदाचित. त्या 'नाही'ने मोडलं. ती आईकडे राहायला गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं.

आता त्याचा पगार परस्पर तिच्या खात्यात जाई. कुणाला किती द्यायचे ते ती बघे आणि आठवड्याच्या खर्चापुरते त्याच्या हातावर ठेवी. त्यासाठी तो दर रविवारी चार वाजता सासूबाईंच्या घरी जाई. दोघं गॅलरीत बसत. सासूबाई स्टुलावर चहा ठेवून आत जात आणि आतून, भांडी घासता घासता, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "जित्याची खोड..." पुढचं म्हणायची गरजच नसे. पाच वाजले की तो उठे.

उरलेल्या आठवड्यात त्याच्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारं कोणी नव्हतं. दुकान सातला बंद होई. खेळत होता तेव्हा संध्याकाळ कधी आली, कधी गेली, त्याला कळत नसे. आता एकेक संध्याकाळ अंगावर येई. तो अंडी उकडी आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाई, कारण टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसे. एकदा तर त्याने रेडिओवरच्या निवेदिकेला "हो का?" असं उत्तर दिलं आणि आपल्याच आवाजाने दचकला. दोन दिवसांत घरात त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता.

फक्त गुरुवारी एका शाळेच्या वर्गात त्याच्यासारखी दहाबारा माणसं जमत. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि खरं बोलायचा सराव करत. त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे निवृत्त बसचालक. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. अकरा वर्षं त्यांनी पत्त्याला हात लावला नव्हता. "ब्रेक लागला म्हणजे गाडी विकली असं नाही," ते म्हणत. "इंजिन चालूच असतं बाबा."

एका मंगळवारी मालकीणबाईंनी त्याला एक चष्मा घरपोच द्यायला पाठवलं. गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर जहाजावर काम केलेले. सगळे त्यांना कप्तान म्हणत. मोतीबिंदू काढला होता आणि त्यातच खुब्याचं हाड मोडल्यामुळे खाटेवर होते. दुपारची वेळ होती. दार उघडून त्यांच्या मुलीने त्याला आत घेतलं आणि "मी औषधं घेऊन येते, तोवर बसाल ना यांच्यापाशी?" असं म्हणून ती गेली.

त्याने चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवली, नाकावरची पकड जरा सैल केली आणि वाचायचा तक्ता कप्तानांसमोर धरला.

"अक्षरं काय दाखवता? मी पुस्तकं वाचत नाही," कप्तान म्हणाले आणि उशीखालून पत्त्यांचा जोड काढला. "मला बदाम आणि चौकट वेगळे दिसले पाहिजेत. ते दिसलं की चष्मा पास. पिसा."

जोड हातात आला. दीड वर्षात त्याने पत्त्याला हात लावला नव्हता, आणि खरे, पुठ्ठ्याचे पत्ते तर कॉलेजनंतर हातात धरलेच नव्हते. पण बोटांना काही विचारावं लागलं नाही. पत्ते सरसर एकमेकांत गेले. छातीत काहीतरी ऊबदार उघडलं, थंडीत कुणी दार उघडून आत घ्यावं तसं. त्या क्षणी त्याला कर्ज, गॅलरी, कशाचीच आठवण नव्हती. समोर एक माणूस होता आणि तो म्हणत होता, "वाटा की!"

पहिला डाव नुसताच झाला. दुसऱ्याला कप्तान म्हणाले, "पैसे लावल्याशिवाय नजर बसत नाही. थोडे लावू." त्याच्या खिशात आठवड्याचा खर्च होता. तो 'नको' म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण हे कळणंसुद्धा कुठेतरी लांब, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसं ऐकू येत होतं.

मुलगी परत आली तेव्हा नऊ डाव झाले होते, दर डावाला रक्कम वाढत गेली होती आणि त्याच्यासमोर जवळजवळ महिन्याच्या पगाराइतके पैसे होते. कप्तान खूश होते. "किती दिवसांनी मजा आली! चष्मा एकदम झकास. उद्या या पुन्हा."

तो रस्त्यावर आला. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने साध्या, बटणांच्या फोनवरून ड्रायव्हरकाकांना फोन लावला.

"खेळलो," तो म्हणाला.

"हरलास?"

"जिंकलो."

काका म्हणाले, "मग तर फारच वाईट झालं. हरलेला माणूस रडून मोकळा होतो. कुठे आहेस?"

त्याने सांगितलं. पण काकांना यायला तास लागला असता, आणि त्या तासात मनाने त्याला काय काय सांगितलं! मेहुण्याचे चार हप्ते एकदम देता येतील. मालकीणबाईंनी जास्तीच्या कामाचे दिले म्हणता येईल. कुणाचं नुकसान? म्हाताऱ्याला मजा आली, मेहुण्याला पैसे मिळाले. सगळं इतकं रास्त वाटत होतं की त्याला त्याच रास्तपणाची भीती वाटली. मशीनची थाप मारली तेव्हाही सगळं असंच रास्त वाटलं होतं.

काका येण्याआधीच तो उठला आणि परत कप्तानांकडे गेला. पैसे खाटेवर ठेवले.

"हे काय?" कप्तानांचा चेहरा उतरला. "जिंकलेले परत देतात? मला भिकारी समजता?"

"मला खेळायची बंदी आहे," तो म्हणाला. "दुकान घालवलंय मी. बायको गेलीय. मी खेळायलाच नको होतं. चूक माझी आहे, तुमची नाही."

कप्तान त्याच्याकडे बघत राहिले. नवीन चष्म्यातून त्यांना तो चांगला स्वच्छ दिसत असणार. "मला कोणी येत नाही हो खेळायला," एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलीने त्याला दारापर्यंत सोडलं. जिना उतरताना त्याला वाटलं, आपण आत्ता आपल्याबरोबर त्या म्हाताऱ्याचीही दुपार नासवली.

पायरीपाशी काका उभे होते. दोघं चालत त्याच्या घरापर्यंत गेले. "बायकोला सांगशील?" काकांनी विचारलं.

"सांगावं लागेल?"

"लागेल असं नाही. पैसे परत केलेस, तिला जाऊन सांगणारं कोणी नाही. तुला काय हवंय, त्यावर आहे."

रविवारपर्यंतचे पाच दिवस त्याने कसे काढले हे त्याचं त्यालाच माहीत. बसमध्ये त्याने तीन वेगवेगळ्या सुरुवाती जुळवल्या. गॅलरीत बसल्यावर तिन्ही विसरला.

"मंगळवारी मी पत्ते खेळलो. पैसे लावून."

बायकोने कप खाली ठेवला. "किती?"

"नऊ डाव. जिंकलो. पैसे परत केले."

"नवव्या डावालाच का थांबलात?"

हा प्रश्न त्याच्या कुठल्याच सुरुवातीत नव्हता. मी स्वतःहून उठलो, असं म्हणता आलं असतं. तेवढं म्हटलं असतं तर गोष्ट बरीच चांगली दिसली असती.

"थांबलो नाही. त्यांची मुलगी आली म्हणून थांबावं लागलं. ती आली नसती तर खेळत राहिलो असतो."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको उठून कठड्यापाशी गेली. खाली कुणाचे तरी कपडे वाळत होते. ती ते बघत असावी, किंवा काहीच बघत नसावी.

"पुढच्या महिन्यात मी घरी येणार होते," ती म्हणाली. "परवाच आईला सांगितलं. भांडले तिच्याशी तुमच्यासाठी."

त्याने वर बघितलं. "आणि आता?"

"आता नाही. आता मला जमणार नाही." मग ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज तोच, खालचा. "एवढ्या वर्षांत मला प्रत्येक गोष्ट दुसऱ्याकडून कळली. भावाकडून, बँकेकडून. ही तुमच्या तोंडून कळली. त्याचं मी काय करू ते मला आज कळत नाही. मला वेळ द्या."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिने त्याला जायला सांगितलं नाही. तो बसून राहिला. पाचला उठला.

त्यानंतरचे महिने आधीपेक्षाही सुने गेले, कारण आता वाट कशाची बघायची तेही माहीत नव्हतं. मालकीणबाईंना त्याने आपण होऊन सांगितलं. त्यांनी घरपोच चष्मे देण्याचं काम काढून घेतलं आणि कामावर ठेवलं. कप्तानांकडे तो पुन्हा कधी गेला नाही. काकांनी मात्र कप्तानांना खेळायला सोबत नाही हे त्याच्याकडून ऐकलं आणि आपल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याला बुद्धिबळाचा पट घेऊन तिकडे धाडलं. मेहुण्याचा शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मेहुण्याने फोन केला, "पोचले," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

बायको नऊ महिन्यांनी आली. एकच बॅग घेऊन. बाकीचं सामान आईकडेच ठेवलं होतं. सकाळची रक्ताची फेरी आटोपून थेट आली होती, हाताला स्पिरिटचा वास होता. त्याने दार उघडलं आणि बॅग घ्यायला हात पुढे केला. "राहू दे, जड नाही," ती म्हणाली.

मधल्या खोलीत तिने आपले कपडे कपाटात लावले. तो स्वयंपाकघरात तांदूळ धूत होता. दोन माणसांना किती लागतात हे तो विसरला होता. आधी कमी घेतले, मग आणखी मूठभर घातले. आतून कपाट बंद केल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुलपात किल्ली फिरल्याचा. तो तसाच उभा राहिला, हात पाण्यात. त्याला वाईट वाटलं. मग त्याने पातेलं गॅसवर ठेवलं आणि टेबलावर दोन ताटं मांडली.