लाँड्रीतला खून

माझ्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या बारक्यानं, आयुष्यात एकच सिनेमा काढला आणि तो कोणी धड पाहिला नाही. थिएटरात लागला तेव्हा शेवटच्या प्रसंगाआधीच लोक पायानं चपला चाचपायला लागले. एकानं तर इंटरनेटवर लिहिलं, ‘खुनी कोण हे बहुधा दिग्दर्शकालाही माहीत नसावं.’ आपण अर्ध्यातून उठून आलो, हे या गृहस्थानं स्वतःच वरच्या ओळीत सांगितलं होतं. म्हणजे पंक्तीतून मधेच उठायचं आणि गोड वाढलंच नाही म्हणून बोंब मारायची! हा माणूस आमचं गिऱ्हाईक असता, तर त्याच्या पांढऱ्या शर्टाचं मी काय केलं असतं ते सांगत नाही.

बारक्याच्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

“ताई, बस झालं,” तो मला म्हणाला. “आपला फोटोग्राफर रविवारी येतोय. कॅमेरा त्याला देऊन टाकतो आणि सोमवारपासून भाऊजींच्या लाँड्रीत काउंटरवर बसतो.”

“काउंटरवर बसून काय करशील? तुला पँट आणि पायजम्यातला फरक कळत नाही.”

“शिकेन. गोष्ट सांगता येत नाही हे तर कळलंच आहे. खुनी कोण, हे एकाही माणसाला कळलं नाही, ताई. एकाही!”

“आपल्या मंडळींना दाखवू,” मी म्हटलं. “एकाला जरी कळलं, तर कॅमेरा राहील. कबूल?”

त्यानं खांदे उडवले. मी ते कबूल धरलं.

आमची मंडळी म्हणजे लाँड्रीतली मंडळी. रविवारी सुट्टीच्या दुपारी आम्ही शटर अर्धं ओढतो, इस्त्रीचं टेबल भिंतीला लावतो, लोकांचे कोट हँगरसकट मागं ढकलतो आणि आडव्या दांडीला एक पांढरी चादर टांगतो. वायरमन त्याचा प्रोजेक्टर घेऊन येतो. आळीपाळीनं एकेकानं सिनेमा आणायचा, पाहून झाला की प्रत्येकानं मत द्यायचं, आणि ज्यानं आणला त्यानं सगळ्यांची मतं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम खास माझ्यासाठी केलेला आहे. मागं एकदा मी वायरमनला मत पुरं करू दिलं नव्हतं. त्याच्या हातात पाना होता आणि माझ्या हातात गरम इस्त्री.

सिनेमा कोणाचा हे सांगायचं नाही, असं बारक्यानं बजावलं होतं. म्हणून सुरुवातीची नावांची पाटी मी गाळून टाकली. बाकी तयारी नवऱ्याकडं. आणि तिथंच माती झाली.

मेव्हण्याचा सिनेमा म्हणून माझ्या नवऱ्याला आला उत्साह. आमची नेहमीची चादर त्यानं स्वतः धुतली, खळ घातली, अशी इस्त्री केली की तिच्यावरून मुंगी घसरावी, आणि चौकोनी घडी घालून फळीवर ठेवली. मग ऐनवेळी ती उलगडायला त्याचा हात होईना.

“अगं, घड्यांच्या रेषा पडतील पडद्यावर,” तो म्हणाला. खरं कारण वेगळं होतं. स्वतः केलेली इस्त्री मोडायची म्हटलं की हा माणूस हळवा होतो. आमच्या लग्नातला त्याचा कोट अजून घडीत आहे.

तर त्यानं काय करावं? धुवायला आलेल्या ढिगातली एका गिऱ्हाइकाची मोठी चादर टांगली. तिच्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात, टोपलीएवढा, कॉफीचा डाग. आठवडाभर दुसऱ्यांचे डाग बघणाऱ्या या माणसाला सुट्टीच्या दिवशी डाग दिसत नाही. मी दाखवला तेव्हा दिवे मालवले होते आणि सिनेमा सुरू झाला होता.

“कोपऱ्यात आहे, अंधारात कोण बघतंय?” तो कुजबुजला.

बारक्या तर बघतच नव्हता. तो चादरीकडं पाठ करून, काउंटरला टेकून, एकेकाच्या तोंडाकडं बघत बसला होता. स्वतःचं काम लोकांच्या चेहऱ्यावर बघायची खोड त्याला लहानपणापासूनची. चित्र काढायचा आणि चित्राऐवजी आमच्याकडं टकमक बघायचा.

सिनेमा असा: एका औषधवाल्याचा खून होतो. विमा कंपनीचा एक तपासनीस चौकशीला लागतो. पावसात भिजतो, सिगारेटी ओढतो, जो भेटेल तो त्याच्याशी खोटं बोलतो. रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्याची आई ताट वाढते आणि हा न जेवता खिडकीत जाऊन उभा राहतो. शेवटी हरून गाडीत बसतो आणि गाव सोडतो. कॅमेरा वर जातो, त्याच्या घराच्या खिडकीवर थांबतो आणि संपलं.

शटर वर गेलं. सगळे डोळे चोळायला लागले.

“वायरमन, तू बोल आधी,” नवरा म्हणाला.

“मला आवडला,” वायरमन म्हणाला. “पण एवढा पाऊस आणि एकदाही लाइट जात नाही? ते वायरिंग कोणी केलंय ते मला भेटव.”

“खुनी कोण?” बारक्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

“तो गाडीवाला मेकॅनिक. तोंडावरूनच कळतं.”

“आणि तुम्ही?” बारक्या फोटोग्राफरकडं वळला.

फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढतो. आज तो कॅमेरा न्यायला रिकामी बॅग घेऊनच आला होता, ती त्यानं मांडीवर मांजरासारखी धरली होती. “सिनेमा ठीक. काळोख जास्त. आमच्या लग्नात एवढा काळोख ठेवला तर नवरी शोधावी लागेल. पण कॅमेरा चांगला असणार हां. कोणता असेल हो?”

“खुनी?”

“खुनी जाऊ दे. लेन्स कोणती असेल?”

माझी जीभ दातांखाली होती. सिनेमा मी आणलेला, नियम म्हणजे नियम.

मग सर बोलले. सर कॉलेजात शिकवायचे. आता निवृत्त झालेत, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. ते खुर्चीतून उठलेच.

“अप्रतिम! याला निओ-न्वार म्हणतात.”

“काय, नवार?” आत्याबाई म्हणाल्या. या माझ्या नवऱ्याच्या आत्या. “खाटेची?”

“न्वार, आत्याबाई. गुन्हेगारी, काळोख, हरलेला माणूस. पण या दिग्दर्शकाची खरी कमाल वेगळीच आहे. तो तपकिरी डाग!”

नवऱ्याला ठसका लागला.

“पहिल्या दृश्यापासून उजवीकडं वर तो डाग आहे. ऑफिसात आहे, रस्त्यावर आहे, आईच्या डोक्यावर आहे. माणसं बदलतात, डाग हलत नाही. हे पाप आहे पाप, समाजाचं! आणि शेवटी कॅमेरा वर जातो, खिडकी बरोब्बर त्या डागाच्या मागं जाते आणि काही म्हणजे काही दिसत नाही. खुनी कोण? कोणीच नाही. सगळेच! इतकं धाडस मी कुठल्याच पडद्यावर पाहिलेलं नाही.”

बारक्या सावकाश मागं वळला. त्या दुपारी त्यानं चादरीकडं पहिल्यांदा बघितलं. चेहरा असा झाला, जसा लाँड्रीत दिलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसल्यावर होतो. वर्षभर रक्त आटवून सिनेमा काढला, आणि त्यातली सगळ्यात मोठी कमाल कोणाच्या तरी कपातून सांडलेली!

“छान,” तो फोटोग्राफरला म्हणाला. “चला, कॅमेरा देतो तुम्हाला.”

फोटोग्राफरनं बॅगेची चेन उघडली. ती चेन माझ्या काळजावरून गेली. पण आत्याबाईंचं मत राहिलं होतं, आणि तोवर माझं तोंड बंद.

“थांब रे बारक्या, मला बोलू दे,” आत्याबाई म्हणाल्या. “भिकार सिनेमा! एवढा वाईट सिनेमा मी पाहिला नाही.”

बारक्या हसला. ते हसू बघवत नव्हतं.

“ती आई रोज ताट वाढते. हा ठोंब्या बघत नाही. चौकशी करत गावभर फिरतो, ज्याला त्याला विचारतो, औषधवाल्याचं कोणाशी वाकडं होतं म्हणून. अरे, घरात विचार की! औषधवाल्याचं नाव निघालं तेव्हा तिच्या हातातली वाटी निसटली. दिसलं का कोणाला?”

कोणालाच दिसलं नव्हतं.

“आणि त्या मेलेल्याचा मफलर कुठाय? पहिल्या सीनमध्ये गळ्यात आहे, पुढं नाही. मी सगळा वेळ मफलरच शोधत होते. शेवटी तरी दाखवतील म्हटलं, तर शेवट कोपऱ्यात नेऊन बुजवलाय. पैसे... म्हणजे वेळ फुकट!”

मतं संपली. माझं तोंड सुटलं.

“वायरमन, शेवट परत लाव,” मी म्हटलं आणि फळीवरची घडी ओढली.

“अगं, ती नको!” नवरा किंचाळला. “अगं, इस्त्री...”

मी चादर झटकून उलगडली. खळ अशी कडकडली की नवऱ्यानं डोळेच मिटून घेतले. डागाची चादर खाली, ही वर. शटर पुन्हा अर्धं. तपासनीस गाडीत बसला, गाव सोडून निघाला, कॅमेरा वर गेला. वरचा मजला, उजवीकडची खिडकी. खिडकीत आई. गळ्यात मफलर. ती गाडीकडं बघते, मफलर नीट करते आणि ताटं आवरायला आत वळते.



“आईनं!” आत्याबाई स्टुलावरून उठल्याच. “बघा! मी सांगत होते की नाही? त्या बाईकडं कोणी बघत नाही! केला तिनं खून, बरोबर केला, तो औषधवाला पोराच्या मुळावर उठला असणार!”

“उठला होता,” बारक्या म्हणाला. “दुसऱ्या सीनमध्ये ती फोनवर ऐकते.”

“हां, फोन! पण मला वाटलं, गॅसवाल्याचा आहे.” आत्याबाई थांबल्या. “तुला कसं माहीत?”

तेवढ्यात सर पुढं सरसावले. “पण या रेषा बघा! उभ्या-आडव्या! आई गजांआड! अख्खं घर म्हणजे तुरुंग...”

“त्या घड्या आहेत, सर!” बारक्या ओरडला. कित्येक महिन्यांत मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. “घड्या! आणि मघाचा तो डाग कॉफीचा होता! मी खिडकी दाखवली होती, खिडकी! ती बाई खिडकीत नीट दिसावी म्हणून मी चार दिवस समोर शिडीवर लटकत होतो!”

सर चष्मा पुसत, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “असं असेल तर मला कॉफीचाच शेवट जास्त आवडला. आता सगळं कळतं. कळल्यावर काय उरलं?”

“आई उरली की!” आत्याबाई कडाडल्या.

“आई म्हणजे फार सोपं झालं, आत्याबाई.”

“सोपं? तुम्ही वाढलंय का कधी रोज कोणाला?”

मग जे पेटलं ते पेटलं. वायरमन अजून मेकॅनिकलाच धरून बसला होता. म्हणे आईनं त्याला सुपारी दिली असणार. बारक्या सरांना एकेक सीन समजावत होता, हात उडवत होता, मधेच स्वतःच्याच सिनेमाला शिव्या घालत होता. “फोन चुकलाच माझा, आत्याबाई. पुढच्या वेळी फोनवर कॅमेरा थांबवीन.”

पुढच्या वेळी! मी ते ऐकलं, आणि फोटोग्राफरनंही ऐकलं.

“मग कॅमेरा...?” तो म्हणाला.

“अहो, थांबा हो, इथं खून चाललाय,” बारक्या त्याच्याकडं न बघताच म्हणाला.

फोटोग्राफरनं बॅगेची चेन लावली. माणूस तसा बरा, जाताना मला म्हणाला, “वहिनी, काळोख कमी करायला सांगा त्याला.”

नवरा एका कोपऱ्यात चुरगळलेली चादर मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत बसला होता. सर त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “ती डागवाली मात्र धुऊ नका हो. पुन्हा एकदा तिच्यावर बघू.”

“गिऱ्हाइकाची आहे,” नवरा म्हणाला. “उद्या धुऊन द्यायचीय. तक्रार असेल तर पावती घेऊन या.”