भाषेचे दहा गुण

"आजी, जेवताना तुम्हाला काही अडचण येते का?"

"नाही."

"म्हणजे चमचा धरताना, घास तोंडापर्यंत नेताना?"

"छे. सगळं व्यवस्थित आहे."

चार विद्यार्थी सोफ्यावर दाटीवाटीने बसले होते. प्रश्न विचारणारी मुलगी गटाची पुढारी. तिला सगळे कॅप्टन म्हणत. तिने उत्तर टिपून घेतले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. समोरच्या खुर्चीत सासूबाई दोन्ही हात मांडीवरच्या शालीखाली घेऊन बसल्या होत्या. मुले उठेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. चहा आला तेव्हाही त्या नको म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेला, म्हणजे मुलांच्या बाईंना, आपल्याच विद्यार्थ्यांची कीव आली.

बाई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात डिझाइनच्या मुलांना संवादकौशल्य शिकवत. धातू, यंत्रे आणि गणित शिकवणाऱ्यांच्या त्या विभागात भाषेची पदवी घेतलेल्या त्या एकट्याच. प्रत्येक प्रकल्पाच्या शंभर गुणांपैकी दहा त्यांच्या हातात असत. मुले त्यांना 'बोलायचे मार्क' म्हणत आणि ते मिळतातच असे धरून चालत. अहवाल कसा लिहावा, पाहुण्यांसमोर उभे राहून कसे बोलावे, हे सगळे बाई शिकवत. पण त्यांचा खरा जीव होता तो प्रश्न विचारायला शिकवण्यात. ज्याच्यासाठी वस्तू करताय त्याला आधी विचारा, आणि विचारून झाले की गप्प बसा, असे त्या दर वर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगत.

यंदाचा विषय होता हात थरथरणाऱ्या माणसांसाठी जेवणाचे साधन. कॅप्टनच्या गटाला बोलायला कुणी माणूस मिळेना, तेव्हा बाईंनी घरी विषय काढला. सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, येऊ देत की मुलं, मला तेवढीच सोबत.

एके काळी त्यांच्या हातांना तोड नव्हती. त्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात ट्रेसर होत्या. इंजिनिअर पेन्सिलीने आराखडा काढायचे आणि त्यावर पारदर्शक कागद ठेवून सासूबाई तो शाईने उतरवायच्या. रेघ चुकली की अख्खा कागद वाया जायचा. त्यांचा क्वचितच गेला. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सासूबाई त्याच हातांनी भाजी अशी चिरत, की सगळे तुकडे एका मापाचे. पुढे सासूबाईंचा मुलगा, बाईंचा नवरा, गेला, तो अगदी अचानक, आणि घरात या दोघीच उरल्या. सासूबाईंचा हात थरथरायला लागला तो त्यानंतर. आधी उजवा, मग डावा.

मुलांचा अहवाल आला. सुबक होता, तक्ते होते, रंग होते. बाईंनी कॅप्टनला बोलावून घेतले आणि त्यात आजी कुठेच नाहीत, असे सांगितले. मुलगी हिरमुसली.

"मी सगळे प्रश्न विचारले, मॅडम."

"तू प्रश्नातच उत्तर घालून देतेस. समोरच्याला नुसतं हो किंवा नाही म्हणायचं उरतं. आणि अडचण आहे का असं चारचौघांत विचारलं, तर कोण हो म्हणेल?"

"मग काय विचारू?"

"ते मलाही माहीत नाही. जा आणि नुसती बसून ये."

कॅप्टन खरोखरच जाऊ लागली. बाईंचे तास असत त्या दुपारी ती घरी जाऊन बसे. सासूबाईंनी कपाटावरून जुन्या ट्रेसिंगची गुंडाळी काढायला लावली म्हणे, आणि दोघी ती जमिनीवर पसरून बघत बसल्या. कॅप्टनने एकदा गटाने केलेला चमचा नेला. त्याच्या जाड दांड्यात वजने बसवली होती. हात हलला तरी चमचा स्थिर राही. त्यामागचे गणित डिझाइनच्या प्राध्यापकांना इतके आवडले होते, की ते तो आंतरविद्यापीठ प्रदर्शनाला पाठवायचे म्हणत होते. सासूबाईंनी चमचा हातात तोलून पाहिला आणि म्हणाल्या, छान आहे, याने होडीसुद्धा वल्हवता येईल.

हे सगळे बाईंना जेवताना तुकड्यातुकड्याने कळे. सासूबाई खुशीत दिसत, म्हणून त्यांनाही बरे वाटे. वर्गात मात्र कॅप्टन हल्ली कमी बोलू लागली होती.

एके दिवशी तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला तरी ती बाकावरच बसून राहिली.

"मॅडम, मी सांगणार नाही असा शब्द दिलाय आजींना," ती म्हणाली. "पण नाही सांगितलं तर ते बरोबर होणार नाही. आजी जेवत नाहीत."

बाईंना आधी नीट समजलेच नाही. मग कॅप्टनने खाली बघत सगळे सांगितले. तुम्ही यायच्या आत माझं झालंय असे आजी म्हणतात, तेव्हा त्यांनी ओट्याशी उभ्याने एखादा पाव किंवा केळे खाल्लेले असते. हाताने धरून जे सांडत नाही तेवढेच. सूप, भात, चमच्याने खायचे काहीच नाही. तुमच्यासोबत बसतात तेव्हाही दोन घास घेतात आणि भूक नाही म्हणून उठतात.

"का पण?"

"त्या म्हणाल्या, माझा हात हलला की तिचा हात लगेच पुढे येतो. अजून तिनं चमचा घेतला नाहीये, पण एक दिवस घेईल. आणि ज्या दिवशी ती मला भरवेल, त्या दिवसापासून मी या घरात फक्त आजारी माणूस उरेन."

विचारायचे म्हणून बाईंनी विचारले, हे सादरीकरणात सांगणार का. कॅप्टनने नकारार्थी मान हलवली. तुम्हाला सांगितलं हेच खूप झालं, ती म्हणाली.

घरी जाताना बसमध्ये बाईंना एकेक गोष्ट आठवत गेली. सासूबाईंचे कपडे अंगावर ढगळ झाले होते. त्याला वय म्हणून सोडून दिले होते. डॉक्टरांनी टॉनिक दिले, तेही संपले होते. रोज रात्री आपण समोर बसून प्रेमाने त्यांच्या हाताकडे बघत होतो. काही हवे का, देऊ का, राहू दे मी घेते. आपल्याला तो जिव्हाळा वाटत होता. इतकी वर्षे पोरांना ऐकायला शिकवले आणि घरातल्या घरात एक माणूस अर्धपोटी उठत होते, ते ऐकू आले नाही.

आणि आता विचारायचीही सोय नव्हती. विचारले असते, तर कॅप्टनने शब्द मोडल्याचे सासूबाईंना कळले असते.

त्या रात्री बाईंनी टेबल भिंतीपासून ओढून खिडकीकडे नेले आणि दोन्ही खुर्च्या एका बाजूला मांडल्या. खाली रस्त्याची गंमत दिसते, असे म्हणाल्या. सूप मोठ्या कपांत ओतले, दोघींनाही. जेवताना त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. शेजारी कप बशीवर किणकिणला, काहीतरी सांडले, तरी त्यांनी मान वळवली नाही. ते त्यांना फार जड गेले. हात आपोआप उचलला जाई आणि त्या तो मांडीखाली दाबून धरत.

काही दिवसांनी सासूबाई सूप संपवून म्हणाल्या, "त्या मुलीनं काहीतरी सांगितलेलं दिसतंय."

"काय सांगणार?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "थोडं अजून आहे का?"

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी पातेले पुन्हा गॅसवर ठेवले.

सादरीकरणाच्या दिवशी कॅप्टनच्या गटाने चमचा आणलाच नाही. त्यांनी टेबलावर एक वाडगे ठेवले. पांढरे, साधे, कुठल्याही घरात असते तसे. फक्त बूड जड होते, काठ आत वळलेला होता, आणि दोन्ही हातांनी धरून ओठांना लावता येईल असा त्याचा आकार होता. प्राध्यापकांचा चेहरा पडला. ते तसे दुष्ट नव्हते; मुलांसाठी जीव टाकणारे होते आणि म्हणूनच चिडले. एवढे जमलेले काम ऐनवेळी का टाकून दिले, असे त्यांनी विचारले.

"सर, चमचा लांबूनही ओळखू येतो," कॅप्टन म्हणाली. "वाडगं ओळखू येत नाही."

"हे तुमचं मत झालं. आधार काय?"

"ज्या वापरणार आहेत, त्यांच्याशी बोलून ठरवलं."

"मग सांगा ना, काय म्हणाल्या त्या?"

कॅप्टनने शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईंकडे पाहिले नाही. गटातल्या बाकी तिघांनाही काही माहीत नव्हते; ते तिच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षक म्हणून आलेले पाहुणे पेन हातात धरून थांबले होते.

"ते सांगता येणार नाही, सर."

"सांगता येत नसेल तर तो आधार नाही," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. त्यांच्या नियमाने ते खरेच होते.

प्रदर्शनाला दुसऱ्या गटाचे काम गेले. कॅप्टनला तिथे जायचे होते. वर्षभर ती तेच बोलत होती. गुणांच्या बैठकीत बाईंनी तिच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिले. प्राध्यापकांनी चष्मा वर करून विचारले, मुख्य प्रश्नाला जिने उत्तरच दिले नाही, तिला संवादाचे पूर्ण गुण कसे? बाईंना उत्तर माहीत होते, पण ते देता येणार नव्हते.

"माझे दहा आहेत, सर. मी दिले," एवढेच त्या म्हणाल्या.

वाडगे घरी आले. सासूबाई त्यातून जवळजवळ वर्षभर जेवल्या. अंगावर जरा मांस चढले. कॅप्टनला नोकरी लागली, ती दूर गेली. तिचा फोन आला की सासूबाई दार लावून तिच्याशी बोलत, आणि बाई टीव्हीचा आवाज वाढवत.

मग आजार वाढला. हातांना वाडगे धरवेना, मान एका जागी ठरेना. सासूबाई तरी खिडकीशी येऊन बसत आणि बाई बाहेर बघत. एका दुपारी बराच वेळ शेजारून काहीच आवाज आला नाही. बाईंनी तरीही मान वळवली नाही.

"इकडे बघ," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पाहिले. सूप तसेच होते. सासूबाईंनी मनगटाने वाडगे हळूहळू त्यांच्या बाजूला सरकवले. आत वळलेल्या काठामुळे थेंबही सांडला नाही.

"आज तू दे."

बाईंनी ड्रॉवरमधून एक साधा चमचा आणला, खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसल्या आणि चमचा भरला. सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत की नजर चुकवली नाही. सुनेकडे सरळ बघत त्या म्हणाल्या, "जरा निवू दे."

बाईंनी चमचा तसाच धरून ठेवला. दोघी वाफ विरायची वाट बघत बसल्या.