उसना गळा

मित्रांनो, मी मुठीत मावणारा एक जुना स्पीकर आहे. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका छोट्या दुकानात सोनियाने माझ्या तारा जोडल्या. "आवाज ऐका, एकदम खणखणीत!" म्हणत तिने मला शिरगावच्या दिपेशच्या हातात ठेवलं. त्याच्या घरी मी आरत्या म्हटल्या, हळदीला गाणी वाजवली. माझं कोण कौतुक व्हायचं!

मग दिपेशला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. बारवीच्या जंगलात श्यामा पक्षी दिसल्याची बातमी आली. काळं डोकं, तांबूस पोट, लांब शेपूट. गातो फार गोड, पण आमच्या भागात क्वचितच दिसतो आणि झाडीबाहेर येत नाही. दिपेशने श्यामाचंच गाणं माझ्यात भरलं आणि मला करवंदीच्या जाळीत तारेने बांधलं.

श्यामा आला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, असं त्याला वाटलं. तो माझ्यावर झेपावायचा, पंख आपटायचा, घसा फुटेस्तोवर ओरडायचा. कापडी आडोशामागून दिपेश आणि त्याचा मित्र राजेश फोटो काढत.

"भाई, अजून एकदा लाव ना, मेरा फोकस गया," राजेश म्हणायचा. की मी पुन्हा सुरू! चारी बाजूंनी काटे, अंगाभोवती तार, गळा उसना आणि बटण दुसऱ्याच्या हातात. समोरच्या झाडाच्या ढोलीत त्याच्या पिल्लांचा गलका असायचा. तो रोज कमी होत होता. मला ऐकू येत होतं, सांगता येत नव्हतं.

एका सकाळी दिपेशची बायको मीना सोबत आली. श्यामा चोचीत अळी घेऊन ढोलीकडे निघाला होता. तेवढ्यात दिपेशने मोबाइलवरून मला सुरू केलं. तो वळला, माझ्यावर ओरडायला त्याने चोच उघडली आणि अळी खाली पडली.

"अहो, बंद करा ते! पोरांचा घास पडला त्याच्या तोंडचा."

"एक मिनिट गं. शेपूट फुलवलीय बघ."

"आपण पोराला भरवत असताना कोणी दारावर लाथा मारल्या, तर?"

दिपेश फोटो काढतच राहिला. मग मीनानेच जाळीत हात घातला. मनगटावर ओरखडे उठले, तरी तिने मला बंद केलं.

शेपूट फुलवलेल्या त्या फोटोचं पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर खूप कौतुक झालं. राजेश मला मागायला आला. दिपेश म्हणाला, "नाही देणार. एकच पिल्लू उडालं रे तिथून." आणि त्याने मला कपाटात टाकून कुलूप लावलं.

इथे अंधार आहे, माझी बॅटरी फुगत चालली आहे. तरी मित्रांनो, मला त्या जाळीत परत नेऊ नका. पाखरू बघायचंय ना? मग गुपचूप बसा. ते आलं तर डोळे भरून बघा, नाही आलं तर घरी जा. पण त्याला खोटी हाक मारू नका. त्याच्या चोचीत कुणाचा तरी घास असतो.