डोंगर नसलेला वेल

मी एक जुना किवीचा वेल आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, हातात कात्री घेऊन गोड बोलणाऱ्या माणसावर माझा काडीचाही विश्वास नाही. तुमच्या हातात तसलं काही दिसत नाही, म्हणून बोलतो.

मी नर वेल आहे. आमच्यात नर वेगळे आणि माद्या वेगळ्या, पपईसारखंच. आम्ही फुलतो, मधमाश्या आमचा पराग माद्यांकडे नेतात आणि फळं त्यांना धरतात. हंगामात पेट्या भरू लागल्या की कौतुकही त्यांचंच. नराकडे कोण बघतो? उगाच मांडवाची जागा अडवतो म्हणून बघतात, तेवढंच.

त्यातून माझा जन्मही संशयास्पद. ‘ते पुके’ नावाच्या गावाजवळच्या या बागेत बाकीचे वेल रोपवाटिकेतून आले, परक्या मुळांवर कलम केलेले, आईबापांच्या नावासकट. मी मात्र गाईंपुढे टाकलेल्या नासक्या फळांतल्या बीचा, कुंपणाला आपोआप उगवलेला. बागेचे मालक हेमी यांनी मला तिथून उचलून मांडवाखाली लावलं. आमच्याकडे माणूस नवा भेटला की आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग आजे-पणजे, आणि नाव सगळ्यांत शेवटी. मला यातलं काहीच सांगता येत नव्हतं. हेमी पाहुण्यांना माझी ओळख करून देत, “हा आमचा घरजावई. खातो, पसरतो, फळाचं नाव नाही.” मला ते लागायचं. पण दर हिवाळ्यात माझी छाटणी ते स्वतःच्या हाताने करत, दुसऱ्याला करू देत नसत. त्यांचीच कात्री मी कधी मनावर घेतली नाही.

हेमी गेले आणि बाग त्यांच्या मुलीकडे, रोइमाताकडे आली. ती कष्टाळू, कमी बोलणारी. तिचा चुलतभाऊ तामाती शेजारच्याच बागेचा मालक. दोघांची वर्षं बरी चालली होती.

मग एका वसंतात वेलांवर करपा आला. पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कड, आणि फांद्यांतून लालसर चिकट पाणी. रोग एका बागेतून दुसरीत जायला वेळ घेई, संशय मात्र त्याच्या आधीच पोचे. फाटकांना कुलपं लागली. गाडीची चाकं धुतल्याशिवाय सख्ख्या भावालाही आत घेत नसत. शेजारणीने पाठवलेला केक फाटकाच्या खांबावर तसाच राहिला आणि मुंग्यांनी खाल्ला. मधपेट्यांवाल्याला तर कुणी दारात उभं करेना. त्यातच कुणीतरी म्हणालं, रोग परागातून पसरतो. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण करवती निघाल्या त्या आधी नरांवर.

तामातीची सगळी बाग गेली. त्याने एकेक वेल कापून जाळला आणि मग करवत घेऊन तो आमच्याकडे आला. आमचे ठिपके पडलेले नर त्याने दोन दिवसांत आडवे केले. मी तेवढा राहिलो, कारण माझ्या एकाही पानावर ठिपका नव्हता. तुम्हाला वाटेल, सुटलो. कसला सुटतोय!

तामाती माझ्याभोवती फेरी मारून म्हणाला, “ताई, सगळ्या आळीत चोरी झाली आणि एकाच घरात झाली नाही, तर चोर राहतो कुठे?”

“त्याला काही झालेलं नाही रे,” रोइमाता म्हणाली.

“तेच म्हणतोय मी. हा स्वतः मरत नाही, दुसऱ्यांना मारतो. ज्याला आपला डोंगर सांगता येत नाही त्याचा भरवसा तू कशाला धरतेस?”

रोइमाताने त्याला थांबायला सांगितलं. माझ्यावर तिचाही विश्वास नव्हता. रोज सकाळी ती माझी पानं उलटी करून बघायची. पण तिची निम्मी बाग मरत होती. एखादा वेल का जगला हे कळलं तर पुढे काय लावायचं ते कळेल, एवढीच तिची आशा होती.

याच सुमारास वनस्पती संशोधन केंद्रातल्या ब्रॉनविनबाई आल्या. फाटकाशी दोनदा बूट धुवून त्यांनी माझ्या पानाचा टिकलीएवढा तुकडा मागितला. रोइमाताने आधी त्यांचा डोंगर विचारला. बाईंनी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा टेकडीचं नाव सांगितलं, आणि नदी आठवत नाही हेही खरं सांगून टाकलं. रोइमाताच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली, पण जराशीच.

ती म्हणाली, “आज पान नेता, उद्या मालकीहक्काचा कागद घेऊन येता, आणि परवा माझ्याच अंगणातलं रोप मला विकत घ्यावं लागतं. जे सापडेल ते आधी इथे येऊन मला सांगायचं. आणि मी हो म्हटल्याशिवाय याची काडीसुद्धा बाहेर जायची नाही.”

बाईंनी मान्य केलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की प्रत्येक जिवाच्या आत एक लांबलचक लिखाण असतं. ते सगळं न वाचता त्यातल्या ठरावीक खुणा बघायच्या. डोंगर दिसला की पायथ्याचं गाव जवळ आलं म्हणतो, तसं खूण दिसली की तिच्या शेजारचा गुण बहुधा असतोच. नराला फळ धरत नाही, पण फळाचा रंग, गोडी, रोगाशी झुंजायची ताकद त्याच्यात आहे का, ते खुणांवरून कळतं. “बहुधा” हा शब्द मी नीट ऐकून ठेवला. पान तोडताना दुखलं नाही. तरी मला बाईंचाही संशय आलाच.

उत्तर यायला काही आठवडे लागणार होते. तेवढ्यात रोइमाताची मावशी वारली आणि ती अंत्यविधीसाठी पूर्व किनाऱ्याला गेली. तामाती करवत घेऊन आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझ्या फांद्या त्याने त्याच दिवशी जाळल्या. पुढच्या हिवाळ्यात नवं कलम बांधायला म्हणून गुडघाभर खुंट तेवढा ठेवला.

रोइमाता परत आली, खुंट बघितला आणि भावाशी बोलणं बंद केलं. काही दिवसांनी बाई आल्या, तेव्हा तिघंही माझ्यापाशीच उभी होती. बाईंनी सांगितलं की ठिपके नसलेल्या दुसऱ्या बागांतल्या काही वेलांमध्ये जी खूण सापडली तीच माझ्यात आहे, आणि पानात रोगाचा मागमूसही नाही. आता त्यांना एक जिवंत काडी हवी होती. नुसत्या पानाच्या तुकड्यावरून माझं लिखाण वाचता येत होतं, पण मला वाढवता येत नव्हतं.

“खुंटाला फुटवा आहे का?” त्यांनी विचारलं.

तामातीने खाली वाकून खुंटावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “सकाळीच खुडले. सगळे. खुंटावरचे फुटवे खुडायचेच असतात.”

 बाई निघून गेल्या.

त्यानंतर तामाती रोज येऊ लागला. त्याने माझ्याभोवती जाळी लावली. आधी त्याला गोगलगायींचा संशय, मग सशांचा, मग शेजाऱ्यांचा. आणि मला त्याचा. मुळांत रस होता, पण मी अडून बसलो. कुणासाठी फुटायचं? फुटवे खुडणाऱ्या या अंगठ्यासाठी?

एका दुपारी रोइमाता तिथे आली. तामातीने तिच्याकडे न बघताच सांगितलं, “माझी सगळी बाग गेली, ताई. तुझीही जाणार असं वाटायला लागलं होतं. कुणीतरी एक गुन्हेगार सापडावा, एवढंच हवं होतं मला.”

ती त्याच्याशेजारी गवतात बसली. कुणी कुणाला माफ केल्याचं मी ऐकलं नाही. पण दोघं एकाच थर्मासातला चहा प्यायली.

त्या आठवड्यात मी एक डोळा उघडला. सकाळी तामातीला तो कोवळा फुटवा दिसला आणि सवयीने त्याचा अंगठा पुढे आला. मी आक्रसलो. मग त्याने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि ताईला हाक मारली.

फुटवा वाढल्यावर रोइमाताने बाईंना त्याच्याही पानाच्या खुणा बघायला लावल्या. तिला खात्री हवी होती की हा मीच आहे. खुणा जुळल्या. तेव्हाच तिने काडी नेऊ दिली. आता त्या काडीच्या परागापासून झालेली माझी लेकरं तिकडे काचघरात आहेत आणि तीही कुणाच्या तरी चिमटीत पान देत असतील.

मित्रांनो, संशय येतोच. मी तर जन्माचा संशयी. पण संशय आला तर विचारा, आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत करवत खाली ठेवा. माझी मुळं माझी स्वतःची होती, म्हणून मी पुन्हा फुटलो. माझ्या रांगेतल्या बाकीच्या नरांना कुणी काही विचारलंच नाही. ठिपके दिसले आणि ते कापले गेले. त्यांच्यात काय काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.