आवाज न करता काम करणारी

मी एका विजेच्या गाडीची जुनी चार्जिंग केबल आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. माझं एक टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये, दुसरं गाडीत आणि मधे एक डबी. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला की समजायचं, गाडीच्या पोटात वीज चालली आहे. तो स्थिर झाला की पोट भरलं. आहे का काही अवघड?

कारखान्यात माझी परीक्षा घेताना मला वाकवलं, ओढलं, माझ्यावर पाण्याचे फवारे मारले. मी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून थोडी ताठ्यातच असते म्हणा ना!

माझ्या मालकीणबाई नर्स. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. त्यांच्या सासऱ्यांना सगळी गल्ली डिझेलबाबा म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केलेली. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचे. मला मात्र त्यांनी दोन वर्षं हातसुद्धा लावला नव्हता. "ही गाडी खाते काय ते दिसत नाही, बोलते काय ते ऐकू येत नाही," म्हणायचे.

एकदा दुपारी बाई दमून घरी आल्या, मला जोडून आडव्या झाल्या. मी कामाला लागले. इतक्यात डिझेलबाबा वाचनालयात निघाले. बसगाड्यांच्या कारखान्यातून निघताना सगळी बटणं बंद करायची, ही त्यांची जन्माची सवय. माझ्यापाशी येऊन त्यांनी कान लावला.

"आवाज नाही, म्हणजे काम नाही," असं म्हणून त्यांनी खटकन बटण बंद केलं. माझा दिवा विझला. मी मनातल्या मनात आकांत केला, पण केबलचं कोण ऐकतं?

चार वाजता फोन आला. पस्तीस किलोमीटरवर एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलंच बाळ. मालकीणबाई धावत गाडीपाशी आल्या, तर गाडीत जेमतेम पन्नास किलोमीटरची वीज! बाबा तेवढ्यात फाटकातून आत शिरत होते.

"बाबा, बटण तुम्ही बंद केलंत?"

"अगं, पण ते चालू कुठं होतं? आवाजच नव्हता!"

बाई रागावल्या नाहीत, आणि बाबांना तेच जास्त लागलं. "जायला पुरेल," त्या म्हणाल्या. "पण तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? तो तिथून पुढे पंचवीस किलोमीटर आहे."

"मी येतो. चूक माझी, निस्तरायलाही मीच येणार." त्यांनी मला सोडवून डिकीत टाकलं.

दोन वर्षांत विचारलं नाही, ते सगळं बाबांनी वाटेत सुनेला विचारून घेतलं. पोहोचल्यावर बाई आत गेल्या, आणि बाबांनी त्या घरच्या होणाऱ्या बापाला गाठलं.

"गीझरचा सॉकेट दाखवा. साध्या पातळ वायरचा नको."

न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांनी मला बाहेर घेतलं आणि गाडीला जोडलं. माझ्या उरलेल्या लांबीची मात्र सवयीने छान गोल गुंडाळी करून ठेवली. थोड्या वेळाने उलट्या हाताने चाचपलं आणि दचकले.

"अरेच्चा, ही तापली! गुंडाळून ठेवली म्हणून हिचा जीव कोंडला." त्यांनी मला अंगणभर मोकळी पसरली. मग दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते. त्यांच्या कानाला जे कळत नव्हतं, ते हाताला कळलं. खरं सांगते मित्रांनो, त्या हाताने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सात वाजता बाई घाईने बाहेर आल्या. "बाळाचे ठोके मंदावलेत. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. गाडीत किती आहे?"

"पंचेचाळीस किलोमीटर," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग पिन धरून मला अलगद सोडवलं. वायर ओढली नाही.

मी डिकीत होते, तेव्हा पुढचं मी पाहिलं नाही. पण बाबांनी ते शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा वीस किलोमीटर शिल्लक होते. तासाभराने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाबांनी दाराला कान लावला आणि सुनेला म्हणाले, "या वेळी आवाज आला हं!" आणि डोळे पुसले.

आता भिंतीवर नवा मोठा चार्जर बसलाय. रोजचं काम तो करतो, मी खुंटीवर असते. कधीकधी वाईट वाटतं. पण दर रविवारी बाबा मला उतरवून पुसतात, कुठे चिरले तर नाही ना बघतात. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओढू नका, चालू असताना गुंडाळू नका, आणि गप्प आहे म्हणून ती रिकामी बसली आहे असं समजू नका.

आमच्या बटणाशेजारी बाबांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली आहे. येणारा-जाणारा ती वाचतो, आणि मी खुंटीवरून दर वेळी ऐकते: 'आवाज नाही, पण काम चालू आहे.'