बिट्टीचा खास आहारतक्ता

बिट्टीच्या आतड्यांना सूज होती, तीही अशी की एके ठिकाणी वाट अरुंद झालेली. आईने हे आहारतज्ज्ञ बाईंच्या अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं, रिपोर्टही जोडला. बदल्यात चार पानी तक्ता मिळाला. वर बिट्टीचं नाव, खाली 'खास तुमच्या प्रकृतीसाठी', आणि पानोपानी अँटिऑक्सिडंटचा जयघोष: सालासकट टोमॅटो, मूठभर अक्रोड, वाटीभर डाळिंबाचे दाणे.

तिसऱ्या पानावर 'मद्यपान आठवड्यातून एकदाच' असंही होतं. मुलगी नऊ वर्षांची! छापताना राहिलं असेल, म्हणून आईने हसून त्या ओळीवर काट मारली आणि बाकीचं निमूट सुरू केलं. औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई ती. पण लेकीचं नाव छापलेला कागद बघितला आणि तिची अक्कल गहाण पडली.

पाचव्या दिवशी बिट्टी पोट धरून वाकली ती सरळच होईना. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

"बिया आणि सालं कुणी दिली हिला?" डॉक्टर कडाडले. "पुन्हा अडकलं तर ऑपरेशन करावं लागेल."

घरी सोडलं त्याच दिवशी आई बिट्टीला घेऊन बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, सुरुवातीला थोडा त्रास होतोच," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "शरीर जुळवून घेतं. तुम्ही फार टेन्शन घेता बघा."

"टेन्शन? हे वाचा." आईने तिसरं पान पुढे सरकवलं.

बाईंनी काट मारलेली मद्यपानाची ओळ वाचली.

"मी तेवढंच घेते, काकू," बिट्टी म्हणाली. "फक्त शनिवारी."

बाकावरचे एक आजोबा फस्सकन हसले. आई हसली नाही.

"रिपोर्ट वाचला होतात?"

"अहो, रोज तीस-चाळीस पेशंट. मूळ तक्ता एकच असतो, आम्ही नाव आणि वजन बदलतो. तेवढं एक नजरचुकीने राहिलं. थांबा, नवीन देते." बाईंनी बटण दाबलं. प्रिंटर घरघरू लागला.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खस्सकन प्लग ओढला.

"वजन बदललं की आतडं बदलतं का हो? पोर आहे माझी, शिवायला टाकलेला झगा नाही! तिला अजून एका शब्दाने विचारलं नाहीत, आणि कागद निघायलाही लागला?"

आजोबांनी पिशवीतून आपला तक्ता काढला आणि चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायला घेतला.

"काय विचारू?" बाई पुटपुटल्या.

"मला नका विचारू. तिला विचारा."

बाईंनी खुर्ची वळवली. "बाळा, काय खाल्लं की बरं वाटतं?"

"गाजर. सोलून, एकदम मऊ शिजवलेलं. पपई पण. पण पोट दुखत असताना काहीच नको."

बाईंनी कोरा कागद ओढून हाताने लिहायला सुरुवात केली.

"झालं की खाली सही करा," आई म्हणाली. "आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत यातला एक घास तिच्या तोंडात जाणार नाही."