माझ्या दारावरचं इंग्रजी

मी फ्रिज बोलतोय. एकदारी, पांढरा, मुलुंड पूर्वेच्या नलिनीबाईंच्या घरातला. थंडपणा हा माझा धर्म; पण बाईंची गोष्ट निघाली की मी जरा तापतोच. ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अपेक्षा साध्या होत्या: दूध, भाजी, उन्हाळ्यात पन्हं. नलिनीबाई आणि राजेशरावांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचा केयूर रांगत होता. माझ्या खालच्या कप्प्यातले टोमॅटो फोडणं हा त्याचा पहिला उद्योग. बाई जवळच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वर्ग रोडावत गेले, शाळा बंद झाली आणि बाई पन्नाशीच्या तोंडावर घरी बसल्या.

त्या दिवसांत त्या माझं दार उघडून नुसत्या उभ्या राहायच्या. माणसं असं करतात. काय हवंय ते त्यांनाही ठाऊक नसतं.

मग एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मी परीक्षा देणार आहे. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांना ती शिकवायचं प्रमाणपत्र मिळतं. अंधेरीला कोर्स आहे."

"एवढी वर्षं शिकवलंस की!" राजेशराव म्हणाले. "आता परत परीक्षा?"

"पुस्तक शिकवलं हो. बोलायला कुणाला शिकवलं?"

घरात फळा नव्हता. बाईंनी मार्कर उघडला आणि सरळ माझ्या दारावर लिहायला लागल्या. एकीकडे भात उतू जातोय, दुसरीकडे बाई मला विचारतायत, "समजलं?" मी घुर्र करायचो. त्या ते होकारात धरायच्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला उघडायला नाही, वाचायला जवळ येत होतं.

परीक्षेचा शेवटचा भाग म्हणजे खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांचा तास घ्यायचा आणि परीक्षक तो व्हिडिओ कॉलवरून बघणार. त्याआधी अंधेरीत सरावाचा तास झाला. त्या दिवशी बाई चपला न काढताच स्वयंपाकघरात आल्या.

"केयूर, आमच्या कोर्सच्या मार्गदर्शक क्षमा मॅडम काय म्हणाल्या ऐक. 'ग्रामर उत्तम, पण तुमच्या इंग्रजीतून मराठी ऐकू येतं. परीक्षेआधी ते काढून टाका.' काढून टाका! तांदळातले खडे आहेत का ते?"

केयूर इंग्रजी शाळेत शिकलेला. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "थोडं पॉलिश कर ना, आई. त्यात काय एवढं?"

मग बाई दातांत पेन्सिल धरून उच्चार घोटू लागल्या. जबडा दुखायचा, आणि आवाज कुणा भलत्याच बाईचा वाटायचा. माझ्यावरचं लिहिणंही थांबलं. मी कोरा उभा.

शेजारच्या जानकीकाकी मालवणच्या. त्यांचे बांगडे माझ्या बर्फाच्या कप्प्यात असत. ते न्यायला आल्या आणि बाईंच्या तोंडातली पेन्सिल बघून थबकल्या.

"गो नलिनी, ह्या काय चल्लासा?"

"इंग्रजी, काकी."

"मग माका शिकव. अमेरिकेतल्या नातीक मराठी येना नाय. फोनवर ता बडबडता आणि मी नुसती मान हलवतंय. निदान जेवलंस काय, ता तरी इचारुक होया."

बाईंनी पेन्सिल काढली, मार्कर उचलला आणि माझ्यावर लिहिलं, 'डिड यू ईट?'

"पण शाळेत 'ईट-एट' घोकलला. काल जेवला तर 'एट' ना? ता खंय गेला?"

"'डिड'ने भूतकाळ उचललाय, काकी. एक पिशवी दोघांनी कशाला धरायची? 'ईट'ला मोकळं सोडा."

काकी खो खो हसल्या. बाईंचा खरा आवाज परत आला होता.

पेन्सिल केराच्या डब्यात गेली. क्षमा मॅडमचा फोन आला, "परीक्षेसाठी आमचा हॉल घ्या. कॉलेजची मुलं देऊ, सेफ राहील."

"नको," बाई म्हणाल्या. "त्या मुलांना येतं ते मी काय शिकवू? माझा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात भरेल."

परीक्षेच्या दिवशी माझ्यासमोर काकी, पार्लरवाली चेतना आणि इमारतीतल्या आणखी काही बायका दाटीवाटीने बसल्या. ओट्यावरच्या फोनमध्ये परीक्षक चंद्रप्रकाश सर होते. तास रंगात आला आणि बेल वाजली. माझी थंडी कमी झाली म्हणून केयूरने नवा फ्रिज मागवला होता, तो नेमका तेव्हाच आला. दोन माणसं आत शिरली. "मॅडम, पुराना यही है ना?" एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवलासुद्धा.

बाई माझ्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. "हात मत लगाना. क्लास चालू है."

"हमको आगे भी जाना है..."

"तो नया रखो और जाओ. ये कहीं नहीं जाएगा."

आणि बाई वळून शांतपणे म्हणाल्या, "येस, चेतना. युअर टर्न."

तास संपल्यावर सर बोलले. इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगतो. "तुमच्या उच्चारांत मराठी आहे, असं मार्गदर्शकांनी लिहिलंय. तुमचं म्हणणं?"

"आहे. मी इथलीच आहे. माझ्या विद्यार्थिनींना कळलं का, ते त्यांनाच विचारा."

सरांनी विचारलं. काकींनी पदर सावरून त्यांनाच उलट प्रश्न टाकला, "सर, डिड यू ईट?"

सर हसले. म्हणाले, "नॉट येट."

बाई पास झाल्या. उच्चारांसमोर 'सुधारणेला वाव' असा शेरा आला. केयूर म्हणाला, "तक्रार कर, आई."

"कशाला? वाव राहू दे."

आता मी बाहेरच्या खोलीत असतो. माझी वायर कापली आहे. आत पुस्तकं आणि मार्कर ठेवतात. रोज दुपारी बायका येतात, कधी एखादा रिक्षावालाही येतो. माझं दार पुसून पुसून करडं झालंय आणि काही अक्षरं आता निघतच नाहीत.

फ्रिज थंड करायचा थांबला की त्याचा जन्म संपला, असं तुम्ही माणसं समजता. मला ते मान्य नाही. तरीही कुणाला मला भंगारात काढायचं असेल, तर आधी बाईंना विचारा. मराठीत विचारा नाहीतर इंग्रजीत. उत्तर एकच मिळेल, आणि ते तुम्हाला नीट कळेल.